जड शब्दांचा फेब्रुवारी

फेब्रुवारी म्हटलं की तुम्ही सरसावून बसला असणार. आता हा आंब्याच्या मोहरावर येणार, मग कोवळं ऊन, मग कोकिळा, आणि शेवटी डोळ्यांच्या कडा ओल्या. बसा वाट बघत. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगखाली एकच आंबा होता, तो पार्किंगसाठी कापला. कोकिळा आहे, पण ती भर दुपारी पाण्याच्या टाकीवर बसून ओरडते आणि तळमजल्याचे काका तिला खिडकीतून चप्पल दाखवतात.

माझ्या फेब्रुवारीला वास येतो तो झेरॉक्सच्या गरम कागदाचा. नुकताच मशीनमधून निघालेला, हाताला चिकटणारा, कोपऱ्यात काळा पट्टा आलेला कागद. त्यात वारा फिरला की मानपाड्याकडच्या फॅक्टऱ्यांचा तो सडक्या औषधासारखा वास मिसळायचा. खिडकीबाहेर उसाच्या रसाची घंटी खणखणायची. आणि आत पंचावन्न पोरं एका सुरात म्हणत असायची, "निसर्गरम्य, नयनमनोहर, विलोभनीय." खिडकीबाहेर काय होतं? नाला होता. नाल्याकडे बघत आम्ही विलोभनीय पाठ करायचो.

परवा हे सगळं पुन्हा आठवलं. घोडबंदर रोडला बसमध्ये अडकलेलो, ऑफिस समोर दिसतंय आणि बस हलत नाहीये. तेवढ्यात मावसबहिणीचा फोन. ऋतुजा, कळव्याला राहते, यंदा दहावीला आहे. आवाज रडका.

"दादा, उद्या मराठीची प्रिलिम आहे. रसग्रहण डोक्यात जातच नाहीये. आशयसौंदर्यात काय टाकायचं आणि काव्यसौंदर्यात काय?"

मी म्हटलं, "तुला ती कविता आवडली का पण?"

"तो प्रश्न नाहीये पेपरात."

बसमधली शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, एवढ्या जोरात मी हसलो. पोरगी खरं बोलत होती. तो प्रश्न आमच्याही पेपरात नव्हता. आमच्याकडे कविता आली की तिला आधी ट्रेवर उताणं पाडायचं, आणि मग एकेका अवयवाला चिठ्ठी लावायची. ही मध्यवर्ती कल्पना. हा आशय. ही भाषिक वैशिष्ट्यं. बायोलॉजीत बेडूक तरी एकदा दाखवला होता, मेलेला का असेना. इथे बेडूक न बघताच त्याच्या आतड्याचं सौंदर्य दहा ओळींत.

आमच्या मराठीच्या देवस्थळी बाई. मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन डोंबिवलीत आल्या आणि त्याबद्दल डोंबिवलीला त्यांनी कधी माफ केलं नाही. आवाज बारीक, नाकातून निघणारा, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. "बाळांनो, भाषा ही कशी हवी? ओघवती हवी." हे त्या एवढं तुटक-तुटक बोलायच्या की ओघवती या शब्दातच चार वेळा सिग्नल लागायचा. मी त्यांची नक्कल सातवीपासून करतोय. नाक चिमटीत धरायचं, मान तिरकी करायची, चष्म्यावरून बघायचं, बस. एकदा फोनवर त्यांच्या आवाजात बोलून मी मित्राच्या आईकडून त्याला ट्रिपची परवानगी मिळवून दिलेली.

बाईंची एक यादी होती. पाठपोट झेरॉक्स, वर हाताने लिहिलेलं, 'शब्दवैभव'. शब्द कुठे वापरायचे त्याप्रमाणे तीन खण पाडलेले, प्रारंभ, मध्य आणि समारोप. प्रारंभात 'अनादिकालापासून' आणि 'मानवी जीवनात'. मध्यात 'दुधारी शस्त्र', 'ऐरणीवरचा प्रश्न'. समारोपात 'थोडक्यात काय तर', आणि त्यानंतर दोन ओळी थोडक्यात काय ते कोणालाच कळू नये अशा. नियम सोपा होता. एका निबंधात यादीतले पंधरा शब्द. बाई हिरव्या पेनाने एकेकाखाली रेघ मारायच्या, समासात आकडा टाकायच्या. पंधरा भरले की निबंध चांगला. पोरगं गाईवर लिहितंय का विमानावर, ते त्या बघत असतील असं मला वाटत नाही.

मी 'माझी आई' लिहिलेला. पहिल्या कच्च्या वहीत असं होतं की आई सकाळी पाचला उठते, डबे करते, पापड लाटायला जाते आणि दुपारी आली की पाय टीपॉयवर टाकून सिरियल बघते, तेव्हा तिला हाक मारायची नाही. बाईंनी त्यावर लिहिलं, 'भाषा बाळबोध. शब्दवैभव पाहा.' मग मी पाहिलं. पक्क्या वहीत माझी माउली ब्राह्ममुहूर्तावर उठून सुग्रास भोजन रांधायला लागली, चंदनासारखी झिजायला लागली, वात्सल्यसिंधू झाली. दहापैकी नऊ. आईला कौतुकाने वाचायला दिलं. आमची आई साताऱ्याकडची, सातवी पास. तिने पदराला हात पुसले, सावकाश वाचलं आणि विचारलं, "कोणाची आई रे ही?"

आणि ती मनोगतं! देवा. फाटक्या छत्रीचं मनोगत, जुन्या बाकाचं मनोगत, ओसाड विहिरीचं मनोगत. आमच्यातल्या अर्ध्या पोरांनी विहीर फक्त चित्रात पाहिलेली. तरी विहीर बोलायची, आणि कशी बोलायची, तर देवस्थळी बाईंसारखी. सुरुवात सगळ्यांची एकच. लेखक दमून कुठेतरी बसतो, आणि अचानक आवाज येतो, "घाबरू नकोस बाळा, मीच बोलतेय!" मग ती वस्तू आधी तिचं वैभव सांगणार, मग तिचे हाल सांगणार, मग ढसाढसा रडणार, आणि जाता जाता मानवाला संदेश देणार. एका वस्तूला म्हणून आनंदात जगताना मी बघितलं नाही. मधल्या सुट्टीत मी पोरांना 'शाळेच्या मुतारीतल्या तुटक्या नळाचे मनोगत' करून दाखवायचो, नाकातून. "होय बाळांनो, एकेकाळी मीही दुथडी भरून वाहत होतो." पोरं जमिनीवर लोळायची.

आता मी मोठा झालोय, नोकरी करतो, तरी तो राग गेलेला नाही. उलट वाढलाय. कारण आता कळतं की ती यादी शाळेत संपत नाही. सोसायटीच्या गणपतीत सेक्रेटरी माइक धरतो आणि यादी चालू. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर यादी. कोणी गेलं की ग्रुपवर यादी, 'पोकळी' हा शब्द मागच्याने टाकला म्हणून पुढच्याने 'न भरून निघणारी' असं जोडून टाकलेला. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कोणाला खरंच कोणाबद्दल काही म्हणायचंय का, अशी शंका यावी. लग्नाच्या हॉलमधली प्लास्टिकची फुलं असतात ना, तसे ते शब्द. धुवायचे, पुढच्या पार्टीला द्यायचे.

हे मी आत्ता एवढं तोंड वर करून बोलतोय. दहावीतल्या फेब्रुवारीतही असंच बोलायचो.

आमच्या शाळेत भोईर मामा शिपाई होते. मानपाडा रोडच्या मागे त्यांचं गाव. म्हणजे गाव होतं, आता चारी बाजूंनी टॉवर आणि मधे मामांचं घर, अंगणात तुळस आणि बोंबील. घंटा मामा द्यायचे, नोटीस मामा फिरवायचे, उलटीवर माती मामा टाकायचे. आवाज खणखणीत, बोली गावची. पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून त्यांचं रोजचं एक वाक्य होतं, "ए बाला, पानी सांडू नको रं!" माझ्या सगळ्या नकलांमध्ये मामांची एक नंबर. चालणं पण जमायचं, एक खांदा वर, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर आपटत. मामांना ते माहीत होतं. कधी कधी क्लार्क सरांसमोर मला बोलावून स्वतःच म्हणायचे, "कर रं माझी नक्कल, दाखव यांना." आणि पोट धरून हसायचे.

नववीत असताना आमचे हेडसर रिटायर झालेले. त्यांचं मानपत्र बाईंनी लिहिलं आणि बाईंनीच वाचलं. वीस मिनिटं. ज्ञानतपस्वी, ऋषितुल्य, दीपस्तंभ, वटवृक्ष, सौजन्यमूर्ती. एवढं सगळं एकाच माणसात आणि तो माणूस आम्हाला पाच वर्षांत कधी एक तास शिकवायला आला नव्हता. आम्ही मागे बसून बोटांवर शब्द मोजत होतो. सोळा झाले तेव्हा शेजारच्याने मला टाळी दिली. स्टेजवर बाजूला भोईर मामा शाल-श्रीफळाचं ताट धरून उभे होते.

पुढच्या फेब्रुवारीत मामा रिटायर होणार होते. आमचा दहावीचा निरोप समारंभ आणि मामांचा सत्कार एकाच शनिवारी धरलेला, मांडव एकच, सामोसे एकच. बाई प्रिलिमच्या पेपरांच्या ढिगाखाली. मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे बघ, तुझा आवाज बरा आहे. भोईरांचं मानपत्र तूच लिही आणि तूच वाच. पंधरा शब्द हवेत. प्रारंभ मला दाखवून ने."

त्याच दिवशी टाकीपाशी मामांनी मला गाठलं. आधी आजूबाजूला बघितलं.

"तू लिवनार हास काय?"

"हो मामा. बघाच तुम्ही."

"बघाच नको. हेडसरांचा व्हता ना, तसाच कर. एक पन शबुद कमी नको." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीचा साखरपुडा झाला, पेढा खाल्लास ना तू? तिचे सासरकडची मानसा येनार हान कलव्याशी. शिकलेली हान सगली. तेंचेम्होरं वाचशील, जरा मोठ्यान."

"काय मामा, त्या जड शब्दांच्या मागे लागलात! मी तुमच्यावर एकदम कडक काहीतरी करतो."

"कडक-बिडक नको रं. तसाच कर."

"हो हो, करतो."

हो हो म्हणायला काय जातं. सोनेरी वेलबुट्टीचा जाड कागद बाईंनी दिलेला. त्यावर मी चार ओळी खरडल्या, 'विद्येच्या या पवित्र मंदिरात सेवेचा नंदादीप अविरत तेवत ठेवणारे कर्मयोगी' वगैरे वगैरे. बाईंनी हिरव्या पेनाने बारीकशी टिकमार्क केली. "छान. पुढेही असंच." पुढे मी काहीच लिहिलं नाही. मामा आणि नंदादीप! ज्या माणसाच्या अंगाला दिवसभर फिनेलचा वास येतो, ज्याने मला पाचवीत चड्डी ओली झाली तेव्हा घरून पुतण्याची चड्डी आणून दिली, कोणाला कळू न देता, त्याला मी कर्मयोगी म्हणू? माझं ठरलेलं होतं. शाळेतल्या एका तरी माणसाबद्दल स्टेजवरून खरं बोलायचं.

आज मागे वळून बघितलं की त्यात अजून एक गोष्ट दिसते, ती पण सांगून टाकतो. चड्डीची गोष्ट मी स्टेजवर सांगणार नव्हतो. माझी इज्जत गेली असती. म्हणजे खरं सांगायचं ते मामांबद्दलचंच, माझ्याबद्दलचं नाही.

शनिवारी मांडवात उकडत होतं. पंखे नुसते आवाज करत होते. मुली साड्यांमध्ये, सारख्या निऱ्या सावरणाऱ्या, आम्ही कोणाच्या कोणाच्या ब्लेझरमध्ये. मामा पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्यावर टोपी घालून स्टेजवरच्या खुर्चीत बसलेले. खुर्चीत बसलेले मामा मी पहिल्यांदा बघत होतो, त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. पहिल्या रांगेत मामी, हिरवं नऊवारी लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. तिच्या शेजारी कळव्याची मंडळी. व्याही सफारीत, होणारा जावई मोबाईल उभा धरून शूटिंग करतोय.

मी चार ओळी वाचल्या. मोठ्याने, शिस्तीत. मांडवात मागे कोणीतरी जांभई दिली. माझ्या ग्रुपमधल्या एकाने हवेत बोट फिरवून हिरव्या पेनाची रेघ मारली आणि दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन शब्द झाले. मी ते बघितलं आणि कागद घडी करून खिशात टाकला.

एक खांदा वर केला. "ए बाला!"

मांडव फुटला. पुढची सात-आठ मिनिटं मी मामा होतो. मामा वर्गात नोटीस आणतायत आणि दारात उभे राहून 'में आय कम इन' म्हणतायत. मामा फोनवर शिक्षणाधिकारी साहेबांशी बोलतायत, पाठ ताठ, फोन उलटा. मामा मुलींच्या मैदानात घुसलेल्या कुत्र्याला समजावून सांगतायत, "तुना शाला शिकायची हाय काय रं?" मास्तर हसले, बाया पदर तोंडात घालून हसल्या, नवे हेडसर टेबलावर थाप मारून हसले. व्याही हसून हसून मागे रेलले आणि जावयाच्या कानात म्हणाले, "पानी सांडू नको रं!" जावयाने ते परत म्हणून बघितलं. त्याला नीट जमलं नाही. मी एकदाच मामांकडे बघितलं. मामा तोंडावर हात ठेवून हसत होते, डोळ्यांतून पाणी. जमलं, असं मला वाटलं. टाळ्या एवढ्या पडल्या की खाली उतरताना माझे पाय हलके झालेले.

ऋतुजाला मी परवा बसमधून काय सांगितलं माहितीये? म्हटलं, पाठ कर गपचूप. आशयसौंदर्यात 'हृदयस्पर्शी' टाक, काव्यसौंदर्यात 'चपखल'. ती यादी माझ्याकडे अजून आहे, फोटो काढून पाठवतो. ती म्हणाली, "दादा, तू तर म्हणायचास ना, हे सगळं फालतू आहे म्हणून?" मी म्हटलं, फालतूच आहे. पण तुला मार्क हवेत ना? फोन ठेवल्यावर बस दहा फूट पुढे सरकली आणि परत थांबली.

तर त्या शनिवारी. टाळ्या संपल्या, सामोसे वाटायला सुरुवात झाली आणि देवस्थळी बाईंनी मला जिन्याखाली बोलावलं. "शोभतं का हे तुला? प्रसंगाचं गांभीर्य? संस्थेची उज्ज्वल परंपरा? एवढा अक्षम्य आगाऊपणा?" मी खाली मान घालून मनात मोजत होतो. रागावताना पण बाईंनी यादी सोडली नाही. नऊ शब्द झाले, त्या थांबल्या आणि गेल्या. मला काडीचं काही वाटलं नाही. त्यांच्या रागावण्याची नक्कल मी त्याच संध्याकाळी करणार होतो.

त्या गेल्या आणि मामा आले. खांद्यावर शाल तशीच, एका हातात नारळ.

"कागद दे."

"कुठला, मामा?"

"मानपत्र. व्याही बगायला मांगतान."

मी खिशातून काढून दिला. चार घड्या पडलेल्या. मामांनी नारळ पायरीवर ठेवला, शेजारी टेकले, कागद मांडीवर सरळ केला आणि बोट ठेवून वाचायला लागले. ओठ हलत होते. चार ओळी संपल्या. बोट खाली गेलं, कोऱ्या कागदावरून, पार वेलबुट्टीपर्यंत. मग त्यांनी कागद उलटा करून मागे बघितलं.

"बाकीचा?"

"बाकीचं तोंडीच केलं ना मामा. केवढे हसले सगळे. तुम्ही पण हसलात."

"हसू नको तं काय करू? स्टेजवं बसवलाव मना, गावाम्होरं. रडू काय तवा?"

मी पायरीवरचा नारळ उचलून हातात घेतला.

"तू माझी नक्कल करतंस, रोज करतंस. मी कधी काय बोललू तुना? मीच सांगतू, कर म्हनून. तो रोजचा हाय. आज काय रोजचा दिस व्हता? ते कलव्याची मानसा आतान माझे पोरीला काय बोलतीन? तुझा बापूस असा बोलतंय, पानी सांडू नको. मी काय बोलतू तो मना ठाव नाय काय? तो आयकायला शाल घेतली मी अंगावं?"

"मामा, पण ते मानपत्रातलं सगळं खोटं असतं. बाई सगळ्यांना तेच तेच—"

"असू दे खोटा." त्यांचा आवाज चढला नाही, तेवढाच राहिला. "हेडसरांना खोटा चालतंय, मना काला नाय चालत? वीस मिन्टा ताट धरून हुबा व्हतू मी, हात भरून आले, तरी आयकत व्हतू. दीपस्तंभ. वटवृक्ष. सौजन्यमूर्ती. सगले पाठ हान मना. ती बाईंची यादी दरवर्साला झेरॉक्स करून कोन आनतंय? मीच आनतू ना! तुमचे समद्या पोरांना वाटतू. शबुद काय तुझे बापाचे व्हते? यादीन लिवलेले व्हते ना? मंग मना द्यायला तुझा काय जात व्हता रं?"